बाटली, पेढी आणि बदली : सांगली-साताऱ्याकडच्या रक्तदानाची पार्श्वभूमी

मिरजेत कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर घटकाभर उभं राहिलं की ‘दोन बाटल्या लागतील म्हणालेत’ हे वाक्य कानावर पडतंच. काचेची बाटली जाऊन कित्येक वर्षं झाली. आता रक्त प्लास्टिकच्या पिशवीत असतं. त्यातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढून तीन निरनिराळ्या रुग्णांना देता येतात. तरीही तोंडात बाटलीच येते. ‘रक्तपेढी’चंही तसंच आहे. केंद्राने २०२० मध्ये नियमांत बदल करून ‘ब्लड बँके’चं नाव ‘ब्लड सेंटर’ केलं आणि मराठीत ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला. पाट्या हळूहळू बदलतायत, बोलण्यात मात्र पेढीच आहे.

ज्या सांगलीत हळदीच्या आणि गुळाच्या पेढ्यांवर चार पिढ्या जगल्या, तिथे ‘पेढी’ म्हटलं की माणसाच्या डोक्यात एकच हिशेब येतो : ठेवलं असेल तर काढता येईल. रक्ताच्या बाबतीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे वाद झाले, त्यातले निम्मे या हिशेबातून निघालेत.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला व्हिएन्नात रक्तगट सापडले आणि माणसाचं रक्त माणसाला धोका न पत्करता देण्याची वाट खुली झाली. त्या शोधाला १९३० मध्ये नोबेल मिळालं. आपल्या देशातली रक्तसाठवणीची सुरुवात कोलकात्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाली. मिरजेत तर त्याच्या कितीतरी आधी, १८९० च्या दशकात, एका मिशनरी डॉक्टराने दवाखाना उभा केला. त्याच्या नावाची वाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. रेल्वेच्या जंक्शनमुळे कर्नाटकातले रुग्णही इथे येऊ लागले आणि १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. रुग्ण बाहेरगावचे, नातेवाईक एक-दोनच सोबत, ऑपरेशनं मोठी. रक्ताची गरज गावाच्या वस्तीपेक्षा कायम जास्त, हे मिरजेचं दुखणं तेव्हापासूनचं.

ही गरज बराच काळ कोण भागवत होतं, हे आज तिशीतल्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. देशभरात मोठा वाटा पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा होता. १९९७ च्या हिवाळ्यात माझ्या मामांचं ऑपरेशन होतं. चहाच्या टपरीवर एक माणूस शेजारी येऊन बसला आणि न विचारताच बाही वर करून दाखवली. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांच्या खुणांनी कातडी जाड, काळपट झाली होती. ‘बी पॉझिटिव्ह आहे, परवाच दिलंय, पण चालवून घेतात,’ म्हणाला. दोन रक्तदानांमध्ये किमान तीन महिने जावे लागतात. तो परवाची गोष्ट सांगत होता. मामेभावाने आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा रक्त दिलं. आमच्यात धैर्य होतं असं नाही, त्या कातडीची भीती वाटली म्हणून दिलं.

त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो भुकेपोटी देत होता. धोका मात्र दोघांनाही होता, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. रक्ताची एचआयव्ही तपासणी देशात १९८९ मध्ये बंधनकारक झाली, पण संसर्ग नुकताच झालेला असेल तर तपासणीत तो काही काळ दिसत नाही. म्हणून रक्ताची खरी सुरक्षितता बाटलीच्या आधी, देणाऱ्या माणसाच्या खरं बोलण्यात असते. पैशासाठी देणारा कावीळ लपवतो, ताप लपवतो, तारीख लपवतो. १९९० मध्ये देशातल्या रक्तपेढ्यांची पाहणी झाली आणि तिच्या अहवालातून ही सगळी दुरवस्था बाहेर आली. दिल्लीतल्या एका नागरिक संघटनेने न्यायालयात धाव घेतली. ४ जानेवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, परवान्याशिवाय रक्तपेढी चालू देऊ नका, आणि दोन वर्षांत पैसे देऊन रक्त घेणं संपवा. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली.

निकाल योग्यच होता. पण विकणारा गेला, त्याच्या जागी कोण येणार, याचं उत्तर गावोगावच्या रक्तपेढ्यांनी आपापल्या परीने शोधलं, आणि तिथूनच ‘बदली’ हा शब्द रुजला.

बदली म्हणजे काय? तुमच्या रुग्णाला एक पिशवी दिली, तर तुम्ही एक माणूस आणा, त्याचा गट कुठलाही असो, तो एक पिशवी देईल आणि आमचा साठा भरून निघेल. ऐकायला किती सरळ! पेढीच्या हिशेबात तर चपखल बसतं. प्रत्यक्षात आटपाडीहून आलेल्या बाईने, जिचा नवरा आत आहे आणि मुलं सासूपाशी ठेवलीत, तिने रात्री अकराला माणूस कुठून आणायचा? ती भावाला फोन करते. भाऊ दिवसभर ऊस तोडून आलेला असतो, उपाशी असतो, आणि ‘नाही’ म्हणायची त्याला सोय नसते. त्याला मागच्या वर्षी कावीळ झाली होती का, हे तो सांगेल? पैशाची जागा नात्याच्या दडपणाने घेतली, लपवणं तसंच राहिलं. आणि जिथे भाऊही मिळत नाही, तिथे ‘मावसभाऊ’ म्हणून भलताच कुणी उभा राहतो आणि बाहेर जाऊन पैसे मोजून घेतो. दारातून घालवलेला विक्रेता असा खिडकीतून परत येतो.

हा धोका वरच्या पातळीवरही ओळखला होता. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात बदली रक्तदाते टप्प्याटप्प्याने बंद करायचं उद्दिष्ट आहे. पण कागदावर एक वेगळीच गुंतागुंत झाली. नातेवाईकाने रुग्णाच्या नावाने दिलं तर ‘बदली’, आणि त्याच माणसाने शिबिरात दिलं तर ‘ऐच्छिक’. फॉर्मवर ‘ऐच्छिक’पुढे खूण करून घेतली की आकडा सुधारतो, त्या भावाच्या मनातलं दडपण मात्र तसंच राहतं. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. ‘ऐच्छिक’ हे विशेषण फॉर्मचं नाही, माणसाचं आहे. ज्याला नकार देता येतो, तोच ऐच्छिक.

त्यातच कार्डाची भर पडली. शिबिरात रक्त दिलं की कार्ड मिळायचं, आणि वर्षभरात स्वतःला किंवा घरच्यांना रक्त लागलं तर ते दाखवून मिळवायचं. लोकांनी त्याची हुंडी केली. पाकिटात जपून ठेवली, मेहुण्याला उसनी दिली, मंडळाच्या अध्यक्षाने पन्नास कार्डांचा गठ्ठा कपाटात ठेवून गरजूला ‘मिळवून दिली’. हेतू चांगलाच होता. पण ज्याच्याकडे कार्ड नाही, ओळखीचा अध्यक्ष नाही, त्याचं काय? गरज बघून मिळायची गोष्ट ओळख बघून मिळू लागली. आणि ज्यांनी कार्ड दाखवूनही पैसे भरले ते चिडले : ‘आम्ही फुकट दिलं, मग हे कसले पैसे?’ ते रक्ताचे नसतात. एचआयव्ही, ब आणि क कावीळ, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या, पिशवी, घटक वेगळे करणं, साठवण, यांचं ते प्रक्रिया शुल्क. २०२२ च्या दरांप्रमाणे एका पिशवीला सरकारी केंद्रात ११००, खासगीत १५५० ही कमाल मर्यादा आहे. रक्त विक्रीची वस्तू नाही, प्रक्रिया शुल्काखेरीज काही घेऊ नका, ही ताकीद केंद्राच्या औषध नियंत्रण यंत्रणेने २०२३ च्या अखेरीस पुन्हा दिली. पुन्हा द्यावी लागली, यातच काय ते आलं.

साताऱ्याला या इतिहासात मानाची जागा आहे, आणि ती फारशी कुणाला आठवत नाही. रक्तपेढी साताऱ्यात नाहीतर कराडात, आणि बाळंतीण पाटणच्या किंवा जावळीच्या डोंगरात, अशी तिथली अडचण. अतिरक्तस्रावात तास-दीड तासाचा प्रश्न असतो. राज्याने १०४ क्रमांकावर मागणी नोंदवून रक्त पोचवण्याची ‘जीवन अमृत’ योजना आणली, तेव्हा आधी चाचणीसाठी दोन जिल्हे निवडले, सिंधुदुर्ग आणि सातारा. २०१४ मध्ये ती राज्यभर झाली. मोटरसायकलवर शीतपेटी, चाळीस किलोमीटरचा परीघ. रुग्णाचा नमुना न्यायचा, जुळवून पाहायचा, पिशवी घेऊन यायचं. नातेवाईकाने धावायचं नाही, रक्ताने धावायचं. बदलीच्या बरोबर उलटी कल्पना! २०२२ मध्ये योजना बंद झाली. मला ते आजही पटत नाही. मागणी कमी होती म्हणून एखादी सोय मोडीत काढायची, तर मागणी कमी का होती ते आधी त्या डोंगरातल्या दवाखान्यांना विचारायला हवं होतं.

आता शिबिरांकडे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शिबिरांना तोटा नाही. गणेश मंडळं, तालमी, साखर कारखाने, शिवजयंती, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. इतकी माणसं रांगेत उभी राहतात, हे पश्चिम महाराष्ट्राचं खरोखर मोठेपण आहे. अडचण तारखेची आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे पाच दिवस. एकाच आठवड्यात दहा शिबिरं झाली, तर फ्रीज भरतो आणि दीड महिन्याने रिकामा होतो. जादा रक्त दुसऱ्या केंद्राला देण्याची मुभा २०१५ पासून आहे, पण त्याने मे महिना भरून निघत नाही. मेमध्ये कॉलेजं बंद, घरोघरी लग्नं, गावोगावी जत्रा, ऊन चाळीसच्या घरात. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

आणि भेटवस्तू. आधी पेन, मग टिफिन, मग पाण्याचा जार, मग हेल्मेट. हेल्मेटवर शिबिरं भरवणाऱ्या आमच्या मंडळींत बराच वाद झाला होता. रस्त्यावर जीव वाचवणारी वस्तू रक्त देणाऱ्याला दिली, तर बिघडलं कुठे? मी आधी त्याच बाजूचा होतो. मग एका शिबिरात एक पोरगा दंडावरचं ताजं गोंदण बाहीखाली ओढून झाकताना दिसला. जत्रेत गोंदवून महिनाही झाला नव्हता. गोंदवल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने झाकलं ते टेबलावरच्या हेल्मेटसाठी. वस्तूची किंमत वाढली की खरं बोलण्याची किंमत कमी होते. हेल्मेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी द्या, सगळ्यांना द्या.

कोरोनाने या सगळ्याची परीक्षा घेतली. मार्च २०२१ मध्ये नियम आला की लसीच्या शेवटच्या डोसनंतर २८ दिवस रक्त देता येणार नाही. मेमध्ये तो काळ १४ दिवसांवर आणला. पण १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांचं लसीकरण खुलं होणार होतं आणि रक्तदाते म्हणजे मुख्यतः हीच तरुण मंडळी. कॉलेजं बंद, शिबिरं बंद. तेव्हा ‘आधी रक्त, मग लस’ असे निरोप फिरले, आणि आमच्याकडची पोरं दोघा-दोघांनी, वेळ ठरवून, थेट रक्तपेढीत जाऊन देऊ लागली. मांडव नाही, हार नाही, फोटो नाही. वर्षानुवर्षं जे पटवता आलं नव्हतं ते त्या दोन महिन्यांत आपोआप झालं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, ती मुलींची. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. थेंब पटकन बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, मुलगी पात्र. थेंब मधेच रेंगाळला किंवा वर आला तर नाही. कोरेगावकडच्या एका कॉलेजात मी टेबलाशेजारी उभा होतो. मुलीमागून मुलगी येत होती आणि निळ्या पाण्यात थेंब तरंगत होते. प्रत्येकीला ‘पुढच्या वेळी ये’ म्हणून बिस्किटाचा पुडा दिला जात होता. त्या ओशाळून जात होत्या, जणू परीक्षेत नापास झाल्या. खरं तर त्या क्षणी त्यांच्या ॲनिमियाचं निदान झालं होतं, आणि कुणी ते लिहूनही घेतलं नाही. तेव्हापासून आम्ही शिबिरात वेगळी वही ठेवतो. थेंब तरंगला की नाव, वर्ग, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्यांसाठी चिठ्ठी. तीन-चार महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलावतो. पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी रक्त देता येतं. वजन किमान ४५ किलो, वय १८ ते ६५. एवढं वहीच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं आहे.

त्याच वहीच्या मागच्या बाजूला बारा रकाने आहेत, महिन्यांचे. ज्याने त्याने आपापला महिना निवडायचा, आणि वाढदिवसाचा महिना निवडायचा नाही. पहिल्या वर्षी एप्रिल-मेचे रकाने कोरे होते. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराने हंगाम संपतो म्हणून एप्रिल घेतला, दूध संकलनावरच्या दोघांनी मे घेतला. गेल्या मे महिन्यात केंद्रातून फोन आला, ‘ओ निगेटिव्ह आहे का कुणी?’ त्यातला एकजण सकाळचं संकलन उरकून, नाश्ता करून, साडेनवाला मिरजेत हजर होता. कुणासाठी लागलं ते त्याने विचारलं नाही, आणि केंद्रानेही सांगितलं नाही.