गाईला बकरीची लस: लंपीमागचा इतिहास

२०२२ चा पोळा आटोपला आणि अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या गावांत लंपी या गुरांच्या गाठींच्या साथरोगावर लसीकरणाची पथकं फिरू लागली. कुपीवर नाव शेळ्यांच्या देवीच्या लसीचं. साहजिकच गोठ्यात प्रश्न यायचा, "डॉक्टरसाहेब, बकरीची लस गाईले कायले टोचता?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र घाईत कुणी धड देत नव्हतं.

लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला. या कुळाच्या एका शाखेत तिघंच भाऊबंद आहेत: मेंढ्यांच्या देवीचा, शेळ्यांच्या देवीचा आणि लंपीचा. त्यांची जनुकं इतकी मिळतीजुळती आहेत की नेहमीच्या रक्ततपासणीतून हा कोणता नि तो कोणता हे सांगता येत नाही, त्यासाठी विषाणूची जनुकं तपासणारी पीसीआर चाचणी लागते. म्हणूनच एकाची लस घेतलेलं शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखतं. गाईच्या देवीने माणसाची देवी अडते हे इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरने १७९६ मध्ये दाखवलं, त्याच जातीची ही युक्ती.

बकरीच्या मदतीने गाय वाचवण्याचा प्रयोगही आपल्याकडे नवा नाही. बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथीने, गोठेच्या गोठे रिकामे होत, त्या काळात १८८९ मध्ये पुण्यात गुरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढे हिमालयात मुक्तेश्वरला हलली. तिथले शास्त्रज्ञ जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमधून पुन्हा पुन्हा वाढवून लसीसाठी गाईपुरता मवाळ केला. फरक एवढाच की तिथे विषाणू गाईचाच होता, बकरी फक्त मधली वाट. लंपीच्या वेळी टोचला तो बकरीचाच विषाणू, उत्तरकाशी नावाचा दुबळा केलेला वाण, तोही शेळीपेक्षा मोठ्या मात्रेत.

लंपीची पहिली नोंद १९२९ ची, आजच्या झांबियातली. अंगावरच्या गाठी पाहून आधी विषबाधा किंवा किड्यांच्या चाव्याची ॲलर्जी समजले. किड्यांचा संशय अगदीच फुकट नव्हता. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड हेच रोग एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. रोग कित्येक दशकं आफ्रिकेतच होता. १९८९ मध्ये तो इस्रायलात, २०१३ मध्ये तुर्कस्तानात आणि २०१९ मध्ये ओडिशात दिसला.

महाराष्ट्रात तो प्रथम शिरला विदर्भातूनच, २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंच्यात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष कोरोनाकडे. सिरोंच्याच्या गुरांची बातमी मुंबईपर्यंत जायला एरवीही वेळच लागतो! दोन वर्षांनी जळगावकडून साथ वऱ्हाडात उतरली तेव्हा मात्र धावपळ झाली. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. मानेवर, पुठ्ठ्यावर सुपारीएवढ्या गाठी, पाय सुजलेले, खपली निघाली की खाली लाल खड्डा. गोठ्यात कडुलिंबाचा धूर, जखमेवर हळदीचा लेप. सरकारने मेलेल्या दुधाळ गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये जाहीर केले. पण राहिलेल्या बैलाला जोडी शोधायची तर बाजार बंद.

त्या दिवसांत दुधाचीही भीती पसरली. ती बिनबुडाची होती, लंपी माणसाला होत नाही. माणसाच्या हातावर येते ती म्हशीची देवी, वेगळ्या शाखेची. १९८५ ते ८७ मध्ये महाराष्ट्रातल्या म्हशींत ती पसरली होती. तिचा विषाणू माणसांच्या देवीच्या लसीतल्या विषाणूचा सख्खा, आणि दूध काढणाऱ्यांच्या बोटांवर तिचे फोड उठतात.

लंपीची खास लस हरियाणातल्या हिसार आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या पशुसंशोधन संस्थांनी तयार केली, ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीरही झाली. तिच्यातला विषाणू २०१९ मध्ये रांचीच्या गुरांतून मिळालेला. डिसेंबरात नागपुरात करार होऊन पुण्याच्या सरकारी लस संस्थेला तिच्या उत्पादनाचे हक्क मिळाले. दरम्यान बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने महाराष्ट्रासह चार राज्यांतले नमुने तपासले. त्यात दोन प्रकारचे विषाणू निघाले: एक रांचीच्या विषाणूशी जवळचा, दुसरा खूप बदललेला, २०१५ च्या रशियातल्या साथीशी जुळणारा. म्हणजे एकदा टोचलं की झालं, असं समजून पुढच्या पावसाळ्याआधीची लस चुकवणं परवडणारं नाही. वासरांना तर नाहीच.