सैराटची ठिकाणं आणि उजनीचं पाणी : पार्श्वभूमी

२०१६ साली नववी-दहावीत असलेली मुलं आता कमावती झाली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ हा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा त्या पिढीच्या आठवणी एकदम वर आल्या : ती विहीर, ते वठलेलं झाड, पाण्यातला तो पडका वाडा, केळीच्या बागा. यातलं बरंचसं करमाळा तालुक्यात आहे आणि आजही जाऊन बघता येतं. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती इथं पुन्हा सांगत नाही. ही ठिकाणं अशी का दिसतात, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. पडद्यावरच्या जवळजवळ प्रत्येक हिरव्या आणि निळ्या चौकटीमागे एक धरण आहे.

धरणाआधीचा करमाळा म्हणजे पर्जन्यछायेतला, ज्वारीचा तालुका. गावाची ओळख कमलाभवानीच्या देवळामुळं आणि ९६ पायऱ्यांच्या विहिरीमुळं. देऊळ अठराव्या शतकातलं, निंबाळकरांच्या काळातलं. पुढं १८५८ ते १८६० च्या दरम्यान पुण्याहून सोलापूरकडे रेल्वे गेली आणि जेऊरसारख्या गावांचा मुंबईशी थेट संबंध आला. सैराटमधले आर्ची आणि परश्या पळून जातात ते रेल्वेनंच. या भागातून बाहेर पडायची वाट दीडशे वर्षं तीच आहे.

खरा बदल झाला तो १९६६ नंतर. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनीला धरणाचं काम सुरू झालं आणि १९८० मध्ये ते पूर्ण झालं. भिंत माढ्यात असली तरी पाणी मागं पसरलं ते करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंडपर्यंत. नदीकाठची काळी जमीन, जुनी गावठाणं, देवळं, घाट, इनामदारांचे वाडे, अगदी रेल्वेचा जुना मार्गसुद्धा पाण्याखाली गेला. रेल्वे वरच्या अंगानं नव्यानं टाकावी लागली. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल तेवढा राहिला. त्याच्यावरून पुढं कित्येक वर्षं एसटी, ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या गेल्या.

गावं उठली आणि माळावर जाऊन बसली. या तालुक्याचा नकाशा उघडला तर केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन, वांगी नंबर एक, दोन, तीन, चार अशी नावं दिसतात. एका गावाचे तुकडे होऊन वेगवेगळ्या ठिकाणी वसले, म्हणून हे आकडे. चित्रपटातलं बिटरगाव शोधत येणाऱ्यांचाही इथंच गोंधळ होतो, कारण तालुक्यात बिटरगाव दोन आहेत : बिटरगाव (श्री) आणि बिटरगाव (वांगी). पडद्यावरचं बिटरगाव या दोन्हींपैकी एक धरून बघायला गेलं तर हाती काही लागत नाही. ते गाव जेऊरपासून कंदर, करमाळ्यापर्यंतच्या अनेक ठिकाणांतून जुळवलेलं आहे. दिग्दर्शक याच मातीतला, त्यामुळं कुठला बांध कुठल्या बांधाला जोडला तर डोळ्याला खटकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या मते सैराटची गोष्टच उजनीनं घडवली आहे. आर्चीचा बाप पाटील, त्याच्याकडं ऊस, केळी, ट्रॅक्टर, राजकारण, कॉलेज. परश्याचा बाप मासे धरणारा. दोन्ही घरं एकाच पाण्यावर जगतात. बॅकवॉटरवर, म्हणजे धरणामागं पसरलेल्या पाण्यावर, मोटारी बसल्या, म्हणून माळावर ऊस उभा राहिला. उसामागून कारखानदारी आली, कारखानदारीमागून संस्था, आणि संस्थांमधून तो दरारा आला जो चित्रपटात क्रिकेटच्या सामन्यापासून जाणवत राहतो. कंदरची केळी आज परदेशात जातात. दुसरीकडं त्याच पाण्यात जाळी टाकणारी शेकडो कुटुंबं आली. नदीत पूर्वी मिळणाऱ्या माशांच्या जागी चिलापी वाढला, भिगवणचा मासळीबाजार मोठा झाला. ज्याच्या हातात मोटार तो वर गेला, ज्याच्या हातात जाळं तो काठावर राहिला. जात आधीपासून होतीच, धरणानं तिला नवी मिळकत दिली. म्हणून ते दोघं एका वर्गात येऊन बसतात, आणि म्हणूनच त्या वर्गाबाहेर त्यांना एकत्र बसायला जागा नसते.

आता ज्या मुद्द्यावर दरवर्षी वाद पेटतो त्याकडं. ठिकाणं बघायला येणाऱ्यांनाही त्याचा अनुभव येतो, कारण कुठलं ठिकाण कधी पायी गाठता येईल हे त्याच्यावरच ठरतं. तो मुद्दा म्हणजे मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं धरणाच्या तळाचं पाणी.

उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं उपयुक्त पाणी साडेत्रेपन्न टीएमसी आणि मृतसाठा जवळजवळ चौसष्ट टीएमसी. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कागदोपत्री ‘मृत’ आहे. इतर धरणांत मृतसाठा म्हणजे तळाचा गाळ आणि थोडं पाणी. इथं तो पुण्याजवळच्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांच्या मिळून साठ्याच्या दुपटीहून जास्त आहे. उपयुक्त पाणी संपलं की धरण शून्य टक्क्यावर येतं आणि तिथून खाली उण्यात मोजणी सुरू होते. टक्केवारी मात्र उपयुक्त साठ्याचीच धरतात. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे साठच्या काठावर गेलं होतं. याचा हिशेब असा की मृतसाठ्यातलं बत्तीसएक टीएमसी पाणी उपसलं गेलं होतं आणि तळात एकतीस टीएमसीच्या वर अजून शिल्लक होतं.

बाहेरच्या माणसाला ‘उणे साठ’ वाचलं की धरण कोरडं पडल्यासारखं वाटतं. खालच्या बाजूला, सोलापूर शहरात आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, नदीत पाणी सोडा अशी मागणी जोर धरते. वरच्या बाजूचा, म्हणजे बॅकवॉटरचा शेतकरी म्हणतो की मृतसाठ्याला हात लावू नका, तो आमच्या बुडालेल्या जमिनींच्या बदल्यात आहे. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, याबद्दल वाद नाही. पण नदीतून सोडलेल्या पाण्यातलं किती पाणी वाळूत, बंधाऱ्यांत आणि वाटेवरच्या मोटारींत जातं आणि किती शहरापर्यंत पोचतं, हे कुणीही काठावर उभं राहून पाहावं. त्या हिशेबात बॅकवॉटरचं म्हणणं मला जास्त पटतं. ज्यांनी घर, देऊळ आणि स्मशानसुद्धा पाण्याला दिलं, त्यांना उन्हाळ्यात त्याच पाण्याच्या मागं धावावं लागतं.

हे धावणं शब्दशः असतं. पाणी मागं सरकलं की काठावरची मोटार उघडी पडते. मग शेतकरी ट्रॅक्टर घेऊन गाळात उतरतो, मोटार पुढं नेतो, पाइप जोडतो, केबल वाढवतो. आठ दिवसांनी पाणी पुन्हा लांब गेलेलं असतं, की पुन्हा तेच. कुणी मिळून चर खणून पाणी मोटारीपर्यंत आणतात. एकेका खेपेला पाइप, केबल आणि मजुरीवर खर्च होतो तो वेगळा, आणि त्या दरम्यान केळीला पाणी बसलं नाही तर घड पोसत नाही. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, तिथं कलिंगड, चारा, मका घेतला जातो. पावसाळ्यात हे सगळं पुन्हा पाण्याखाली.

पाणी असं उतरतं तेव्हाच कुगावजवळचा इनामदार वाडा मोकळा होतो. सैराटमध्ये पाण्यात उभा दिसणारा पडका, किल्ल्यासारखा वाडा तो हाच. पावसाळ्यानंतर त्याचा खालचा भाग पाण्यात असतो, होडीशिवाय जाता येत नाही. कडक उन्हाळ्यात भेगाळलेल्या चिखलावरून चालत जाता येतं. पलीकडं इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ असंच कधी शिखरापुरतं, कधी पायथ्यापर्यंत दिसतं. ज्यांना पडद्यावरची चौकट जशीच्या तशी हवी असते ते भर उन्हाळ्यात येतात आणि हिरमुसतात, कारण त्यांना हवं असलेलं निळं पाणी तेव्हा मैलभर लांब असतं. काठावरच्या लोकांसाठी मात्र वाडा पूर्ण उघडा पडणं म्हणजे साल वाईट असल्याची खूण.

योगायोग असा की चित्रपट आला तेच साल वाईट होतं. २९ एप्रिल २०१६ ला तो प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायला सुरुवात झाली होती आणि उजनी खोल उण्यात होतं. बाहेर असा दुष्काळ असताना लोक थिएटरात बसून भरलेलं धरण, विहिरीत उड्या मारणारी पोरं आणि हिरवीगार केळी बघत होते. मराठी चित्रपटानं शंभर कोटींचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो त्या उन्हाळ्यात. गाणी आणि नवे चेहरे ही कारणं आहेतच, पण मराठवाड्यातल्या आणि सोलापूर-नगरकडच्या प्रेक्षकाला ते पाणीही खेचत होतं असं मला ठामपणे वाटतं.

पहिल्याच सुट्टीत करमाळ्याकडं गाड्या वळू लागल्या. वठलेल्या झाडाच्या फांदीवर बसून फोटो काढायची चढाओढ लागली. दगडी विहिरीच्या काठावर पोरं उडीच्या पवित्र्यात उभी राहू लागली, त्यांतल्या कित्येकांना पोहता येत नव्हतं. शेतमालकांना ऊस तुडवला जाण्याचा त्रास झाला, पण चहाच्या टपऱ्यांना चार पैसे मिळाले. जुन्या विहिरींकडं लोकांचं लक्ष गेलं ही जमेची बाजू. आधी त्यांच्यात कचरा टाकला जायचा, आता निदान कुणी वाकून बघतं.

मात्र या फेरीत एक गोष्ट सतत जाणवते. लोक मध्यंतरापर्यंतचाच चित्रपट बघायला येतात. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, भाड्याच्या खोलीतलं भांडण, हे शोधत कुणी जात नाही. खरं तर वयात येण्याची गोष्ट तिथं आहे. पहिल्या भागात ते दोघं प्रेमात पडतात, मोठे होतात ते हैदराबादेत. घरातलं काम कधी न केलेली पाटलाची पोरगी तिथं पगारावर उभी राहते. आणि शेवट ज्या घरात होतो त्याच्या दारात फोटो काढावा असं कुणालाच वाटत नाही. आठवणीत झिंगाट राहतं, शेवटाची ती शांतता लोक वगळतात. २०१६ च्या उत्तरार्धात राज्यात जातीच्या प्रश्नावर वातावरण तापलं, तेव्हा हा चित्रपटही वादात ओढला गेला होता. ते सगळं आता या हळव्या आठवणींत दिसेनासं झालं आहे, आणि हे मला चांगलं लक्षण वाटत नाही.

ठिकाण वजा केलं की काय उरतं, हे ‘धडक’ या हिंदी अवतारानं दाखवलं. २०१८ मध्ये गोष्ट उदयपूरला गेली. तिथंही तलाव आहेत, वाडे आहेत, सगळं देखणं आहे. पण ते पर्यटकांसाठी सजलेलं शहर. त्या पाण्याशी नायकाच्या पोटाचा संबंध नाही आणि नायिकेच्या बापाच्या सत्तेचाही नाही. तलाव नुसता मागं दिसत राहतो.

आणि हे पाणी जिवावर उठणारंही आहे. करमाळा आणि इंदापूरची गावं समोरासमोर दिसतात, पण रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. म्हणून वर्षानुवर्षं लोक होडीनं ये-जा करतात : बाजाराला, दवाखान्याला, लेकीकडं. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. वाडा बघायला येणारे ज्या कुगावला येतात, तेच हे कुगाव. डिकसळचा पूल एव्हाना जीर्ण झाला होता, आणि कुगाव-शिरसोडी पुलाची मागणी कित्येक वर्षांची होती. तो पूल मंजूर झाला. उजनीवर जलपर्यटनाची योजनाही आता मंजूर आहे.

त्या योजनेत सैराटच्या ठिकाणांचं नाव पुढं केलं जाणार हे उघड आहे, करायलाही हवं. फक्त होड्या चालवण्याचा परवाना बाहेरच्या ठेकेदाराला न जाता काठावरच्या मासेमारांना आणि धरणग्रस्तांच्या पोरांना मिळायला हवा, प्रत्येक होडीत माणशी एक लाइफ जॅकेट हवं, आणि वारा सुटला की फेरी बंद करण्याचा अधिकार होडीवाल्याला हवा, मग पर्यटक कितीही लांबून आलेला असो.