चांदीच्या कॉफीपॉटला काळा लाकडी दांडा का?

गरम पेय ओतायच्या भांड्यासाठी चांदी तशी गैरसोयीची. सगळ्या धातूंत ती उष्णता सर्वात झपाट्याने वाहून नेते, स्टेनलेस स्टीलच्या निदान पंचवीसपट. उकळती कॉफी भरली की बघता बघता अख्खं भांडं हात लावू देत नाही. तरीही सतराव्या शतकापासून लंडनचे कारागीर चांदीचेच पॉट घडवत आले.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १६८१-८२ चा कॉफीपॉट आहे. उंच, वर निमुळता. तिथेच १६७० चं तशाच घाटाचं भांडं आहे, पण त्यावर ‘टी-पॉट’ असं कोरलेलं आहे म्हणून ते चहाचं! बुटका गोल चहाचा, उंच सडपातळ कॉफीचा, ही वाटणी नंतर रूढ झाली. उंच भांड्यात कॉफीचा चोथा तळाशी बसतो आणि ओतताना कमी ढवळला जातो.

काळा दांडा शोभेसाठी नसतो. पॉटच्या अंगावर चांदीच्या दोन खोबण्या डाखलेल्या (वितळवलेल्या धातूने जोडलेल्या) असतात, त्यांत आबनूससारख्या लाकडाचा दांडा बसवून आरपार खिळा घालतात. पुढे दांडाही चांदीचा करायची पद्धत आली. तेव्हा तो वर आणि खाली कापून मधे हस्तिदंताच्या चकत्या घातल्या गेल्या, म्हणजे उष्णतेची वाट तिथेच तुटते. जुना चांदीचा दांडा हाताला चटका देत असेल, तर चकत्या निघाल्या असून कोणीतरी तिथे थेट डाख दिला आहे असं समजावं.

शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून भांड्यांसाठी ‘स्टर्लिंग’ ही मिश्र चांदी वापरतात: तीत ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. मठारताना, म्हणजे हातोडीने ठोकून घडवताना, पत्रा कडक होत जातो. मधूनमधून तो ६०० ते ६५० अंशांपर्यंत, मंद लाल दिसेपर्यंत तापवून मऊ केला नाही, तर काठाला चीर जाते. उलट, ८०० च्या आसपास स्टर्लिंग वितळू लागतं, म्हणजे हातात जेमतेम दीडशे अंशांची मोकळीक. दर तापवणीत त्यातल्या तांब्याशी हवेतला प्राणवायू संयोग पावतो आणि पृष्ठभागाखाली करडा-जांभळा डाग साठतो. तेजाबात परत परत उकळून वरचं तांबं काढलं की शुद्ध चांदीची पातळ साय उरते. जुन्या भांड्याचा तो पांढरा मऊ उजाळा म्हणजे ही साय. बेसुमार पॉलिशने ती गेली की खालचे करडे ढग वर येतात.

उंच पॉटच्या पोटात हातोडी जात नाही, मग नक्षीचा उठाव आतून कसा येतो? वाकड्या सळीचं एक टोक वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या पकडीत) पकडतात, दुसरं पॉटच्या आत भिंतीला टेकवतात. सळीच्या पॉटबाहेरच्या भागावर ठोका मारला की सळी उसळते आणि टोक पत्रा बाहेर ढकलतं. मग पोटात राळ ओतून, ती घट्ट झाल्यावर बाहेरून ‘पंच’ या छिन्नीसारख्या हत्यारांनी बारीक काम. भुजच्या ओमरसी मावजींसारख्या कच्छी कारागिरांचं नाव अशाच दाट वेलबुट्टीमुळे झालं.

विकत घेताना भांड्यावर श्वास सोडून वाफ धरा. वाफेत जोडाची रेघ उठून दिसते. ती दांड्यामागे असेल तर काळजी नको, पत्रा वळवून केलेल्या पॉटचा जोड तिथेच लपवतात. भलत्या जागी असेल तर दुरुस्ती झालेली आहे. पोटावर अंगठा दाबून पत्रा लवला, तर तिथलं जुन्या मालकाच्या घराण्याचं कोरीव चिन्ह घासून काढलेलं असू शकतं. तोटीच्या मुळाशी शिशाचा करडा डाख दिसला, तर पुढची दुरुस्ती अवघड. भांडं तापवलं की ते शिसं चांदीत शिरून भोक पाडतं.

काळेपणा म्हणजे चांदीचा सल्फाइड, चांदी आणि गंधक यांचं संयुग. पहिला पिवळसर थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो, पण दर वेळी घासून काढलेली चांदी परत येत नाही. घरी करायची रीत अशी: दुसऱ्या एखाद्या भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घाला आणि वस्तू फॉइलला टेकलेली ठेवा. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं, सडक्या अंड्याचा वास येतो आणि चांदी जागेवरच राहते. मात्र हे साखरदाणीच्या चिमट्यासाठी, चमच्यांसाठी. आख्खा पॉट बुडवला की लाकडी दांडा फुगतो, हस्तिदंत तडकतं आणि नक्षीच्या खाचांतला मुद्दाम राखलेला काळेपणाही निघून जातो. पॉटला मऊ फडकं आणि साबणाचं कोमट पाणी पुरे. नंतर झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा, आणि बांधून ठेवताना लोकरी कापड किंवा रबरबँड जवळ नको. रबरातल्या गंधकाचा डाग कापडाच्या घडीतूनही चांदीवर उमटतो.