अमेरिकेतील प्रादेशिक विधी महाविद्यालय : पात्रता, कागदपत्रे, अर्ज आणि नोकरीचा अंदाज

अमेरिकेत वकिली करण्यासाठी घ्यावयाची मुख्य पदवी म्हणजे जे.डी. ही पदवी देणारी आणि अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजेच एबीएची, मान्यता असलेली महाविद्यालये सुमारे दोनशे आहेत. त्यांपैकी मोजक्यांचीच नावे देशभर चालतात. उरलेल्या बहुतेक महाविद्यालयांचे विद्यार्थी ज्या राज्यात शिकतात त्याच किंवा शेजारच्या राज्यात कामाला लागतात, म्हणून त्यांना प्रादेशिक विधी महाविद्यालये म्हणण्याचा प्रघात आहे. हा कोणताही अधिकृत वर्ग नाही आणि त्यात कमीपणाही नाही. मोंटाना, वायोमिंग, हवाई आणि मेन या राज्यांत विधी महाविद्यालय प्रत्येकी एकच आहे. त्या राज्यात वकिली करू इच्छिणाऱ्याला तेथील पदवी जी ओळख मिळवून देते, ती दूरच्या, क्रमवारीत वरचढ असलेल्या महाविद्यालयाची पदवी देईलच असे नाही. मात्र हीच पदवी घेऊन दोन हजार मैलांवरच्या शहरात नोकरी शोधू लागल्यास ती ओळख कामी येत नाही. म्हणून प्रादेशिक महाविद्यालय निवडणे म्हणजे आधी राज्य निवडणे, असे मी मानतो आणि अर्जाची सर्व तयारी याच क्रमाने करावी असा माझा आग्रह आहे.

राज्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा असण्याचे कारण सनद देण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत वकिलीची सनद केंद्रीय पातळीवर मिळत नाही. प्रत्येक राज्य ती स्वतंत्रपणे देते. बहुसंख्य राज्यांनी समान बार परीक्षा, म्हणजे सनदेसाठीची सामाईक परीक्षा, स्वीकारली असून तिचे गुण ४०० पैकी असतात आणि एका राज्यात मिळालेले गुण ठरावीक मुदतीत दुसऱ्या राज्यात वापरता येतात. परंतु उत्तीर्णतेची रेषा राज्यागणिक वेगळी असते. न्यूयॉर्कमध्ये ती २६६ आहे, तर टेक्सासमध्ये २७०. कॅलिफोर्निया आणि लुइझियाना या व्यवस्थेबाहेर राहिली असून त्यांच्या परीक्षा स्वतंत्र आहेत. विस्कॉन्सिनमध्ये तर मॅडिसन येथील राज्य विद्यापीठाच्या आणि मिल्वॉकीतील मार्केट विद्यापीठाच्या विधी पदवीधरांनी ठरवून दिलेले विषय व गुणांची अट पूर्ण केल्यास त्यांना बार परीक्षा न देताच सनद मिळते. ही सवलत विस्कॉन्सिनपुरतीच आहे. शिकागोत किंवा मिनियापोलिसमध्ये काम करायचे ठरल्यास त्या त्या राज्याचे नियम पाळावे लागतात.

एबीएची मान्यता आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासावे. कॅलिफोर्नियात केवळ राज्याची मान्यता असलेली किंवा कोणतीच मान्यता नसलेली विधी महाविद्यालयेही चालतात. त्यांचे शुल्क कमी आणि प्रवेश सोपा असतो, पण तेथील पदवीवर अन्य बहुतेक राज्यांच्या बार परीक्षेला थेट बसता येत नाही. कॅलिफोर्नियातच राहायचे निश्चित नसेल तर या मार्गाने जाऊ नये.

पात्रता

जे.डी.साठी कोणत्याही विषयातील पदवी चालते; कायद्याचे पूर्वशिक्षण लागत नाही. भारतातील तीन वर्षांची पदवी काही महाविद्यालये तशीच स्वीकारतात, काही मात्र तिचे मूल्यमापन पाहून ठरवतात, त्यामुळे शुल्क भरण्याआधी त्या महाविद्यालयाच्या प्रवेश विभागाकडून ईमेलवर लेखी उत्तर घेणे इष्ट. पूर्णवेळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. सायंकाळचा अर्धवेळ अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचा असून विद्यार्थी व्हिसावर तो सहसा करता येत नाही. भारतात एलएल.बी. झालेल्यांनी हेही लक्षात घ्यावे की न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत परदेशी विधी पदवीधरांना अटींच्या अधीन राहून बार परीक्षेला बसता येते आणि त्यासाठी अनेकांना एलएल.एम. ही कायद्यातील एक वर्षाची पदव्युत्तर पदवी पुरते. अशांनी जे.डी.चा तीन वर्षांचा खर्च पत्करण्याआधी ही वाट नीट तपासावी.

प्रवेश परीक्षा म्हणजे एलसॅट. तिचे गुण १२० ते १८० या श्रेणीत मिळतात. ऑगस्ट २०२४ पासून तिच्यातील कोड्यांसारखा तार्किक खेळांचा विभाग काढून टाकला आहे. आता तर्काचे दोन आणि वाचन-आकलनाचा एक असे तीन विभाग गुणांसाठी धरले जातात, तर चौथा विभाग चाचणीपुरता असतो. प्रत्येक विभागाला ३५ मिनिटे मिळतात. युक्तिवाद-लेखनाची चाचणी वेगळी द्यावी लागते आणि ती एकदाही दिली नसेल तर गुण महाविद्यालयाकडे पाठवले जात नाहीत. अनेक महाविद्यालये जीआरईचे गुणही स्वीकारतात. तरीही प्रादेशिक महाविद्यालयात शुल्कसवलत मिळवायची असेल तर चांगल्या एलसॅट गुणांसारखे साधन नाही, कारण प्रवेशित वर्गाचे मध्यगुण दरवर्षी जाहीर होतात आणि ते उंचावणारा विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयाला हवा असतो.

कागदपत्रे

अर्ज आणि कागदपत्रे एलएसएसी या संस्थेच्या संकेतस्थळावरून जातात. तेथे खाते उघडून सीएएस ही कागदपत्र संकलन सेवा शुल्क भरून घ्यावी लागते. गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि एलसॅटचे गुण एकत्र करून ही सेवा प्रत्येक महाविद्यालयाकडे पाठवते. परदेशी गुणपत्रिकांचे मूल्यमापनही तेथेच होते. भारतीय टक्केवारीचे रूपांतर अमेरिकी गुणसरासरीत केले जात नाही, तर एकूण कामगिरी सरासरीपेक्षा वर आहे की खाली, असा शेरा दिला जातो. त्यामुळे आपल्या विद्यापीठात ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो आणि तेवढे गुण मिळवणे सोपे नसते, हे शिफारसपत्रात प्राध्यापकांनी एका वाक्यात लिहिले तर त्याचा उपयोग होतो.

सर्वाधिक वेळ जातो तो ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या अधिकृत नोंदीसाठी. स्वतःजवळच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती येथे चालत नाहीत. एलएसएसीच्या खात्यातून छापलेला विनंती-अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागात देऊन, विद्यापीठानेच ट्रान्सक्रिप्ट बंद लिफाफ्यात, शिक्का मारून, थेट एलएसएसीकडे पाठवावी लागते. हाती मिळालेला लिफाफा उघडून पाहिला तर ती प्रत बाद ठरते. शिवाय महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी छापलेले असते व शेवटी आईचे नाव येते, तर पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि लग्नानंतर नाव बदललेले असल्यास तिसरेच रूप तयार होते. एलएसएसीच्या खात्यात पासपोर्टप्रमाणे नाव नोंदवावे आणि पूर्वीची नावे त्यासाठी असलेल्या रकान्यात लिहावीत. अन्यथा पोहोचलेली ट्रान्सक्रिप्टसुद्धा कोणाची हे न जुळल्यामुळे पडून राहते. विद्यापीठातील या कामासाठी किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत.

याखेरीज सहसा दोन शिफारसपत्रे, साधारण दोन पानांचे वैयक्तिक निवेदन आणि बायोडेटा लागतो. इंग्रजीची परीक्षा कोणाला माफ आहे हे प्रत्येक महाविद्यालय ठरवते. पदवीचे माध्यम इंग्रजी असल्यास विद्यापीठाचे तसे प्रमाणपत्र मागवून ठेवावे. अर्जात वर्तणुकीविषयीचे प्रश्न असतात आणि तेथे काहीही लपवू नये. परीक्षेतील गैरप्रकाराची कारवाई, पोलीस ठाण्यात नोंदलेला गुन्हा, अगदी नंतर निर्दोष सुटका झालेली असली तरी, प्रश्नाच्या शब्दांत बसत असेल तर लिहावी. पुढे सनद देताना राज्याचे बार मंडळ हाच अर्ज मागवून आपल्या उत्तरांशी ताडून पाहते आणि मूळ घटनेपेक्षा ती दडवल्याचाच ठपका अधिक महागात पडतो.

अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात व जसे येतील तसे तपासले जातात. अंतिम तारीख मार्चनंतरची असली, तरी जागा आणि शिष्यवृत्ती आधीपासूनच वाटल्या जात असल्याने डिसेंबरच्या आत अर्ज जाणे हिताचे.

नोकरीचा तक्ता कसा वाचावा

एबीएच्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालयाला पदवीनंतर साधारण दहा महिन्यांनी आपले पदवीधर कोठे आहेत याचा तक्ता जाहीर करावा लागतो. माहितीपत्रकातील ‘९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ हे वाक्य बाजूला ठेवून हा तक्ता उघडावा. त्यात पहिला स्तंभ ज्या कामासाठी सनद लागते अशा नोकऱ्यांचा, दुसरा जे.डी. उपयोगी पण सनद अनावश्यक अशा नोकऱ्यांचा, आणि त्यापुढे इतर नोकऱ्यांचे स्तंभ असतात. प्रत्येक प्रकारात पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि किमान एक वर्षाची की अल्पकालीन, हे वेगळे दाखवलेले असते. केवळ पूर्णवेळ, दीर्घकालीन आणि सनद आवश्यक असलेल्या नोकऱ्यांचा आकडा घ्यावा, त्यातून महाविद्यालयाने स्वतःच पैसे देऊन निर्माण केलेल्या जागा वजा कराव्यात आणि उरलेल्या संख्येला एकूण पदवीधरांच्या संख्येने भागावे. समजा १२० पदवीधरांपैकी १०८ जण नोकरीत आहेत, पण वरील कसोटीला ७८ जणच उतरतात. तर खरे प्रमाण ९० नव्हे, ६५ टक्के आहे.

त्याच तक्त्यात खाली नोकरी देणाऱ्यांचे प्रकार येतात : लहान-मोठ्या वकिली फर्म, न्यायाधीशांचे सहायक वकील (लॉ क्लार्क), सरकार, लोकहित संस्था, उद्योग. प्रादेशिक महाविद्यालयांत एक ते दहा वकिलांच्या फर्म आणि राज्य सरकार यांचा वाटा सहसा मोठा असतो. नवख्या वकिलांच्या पगाराचा आलेख काढल्यास त्याला दोन वेगवेगळे उंचवटे दिसतात : एक मोठ्या फर्मचा, जेथे पहिल्या वर्षाचा पगार २ लाख २५ हजार डॉलरपर्यंत पोहोचला आहे, आणि दुसरा त्याहून कितीतरी खाली, लहान फर्म व सरकारी नोकरीचा. दोहोंच्या मधल्या पगारांवर फारच थोडे जण असतात, म्हणून ‘सरासरी पगार’ या आकड्यावर कर्जाचा हिशेब मांडणे घातक ठरते. तक्त्याच्या शेवटी सर्वाधिक पदवीधर गेलेली तीन राज्ये दिलेली असतात. आपण निवडलेले राज्य त्यांत नसेल तर महाविद्यालय कितीही आवडले तरी पुन्हा विचार करावा.

बार परीक्षेच्या निकालाचा अहवाल वेगळा असतो. त्यात प्रथम प्रयत्नातील निकाल आणि त्या राज्याची सरासरी शेजारी-शेजारी दिसते. त्यांतील फरक पाहावा. पदवीनंतर दोन वर्षांत बार परीक्षेला बसलेल्यांपैकी किमान ७५ टक्के उत्तीर्ण व्हावेत अशी एबीएची अट आहे, म्हणून त्या रेषेच्या जवळ रेंगाळणाऱ्या महाविद्यालयाविषयी सावध राहावे.

शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘ठरावीक गुणसरासरी राखल्यास’ अशी अट आहे का, हे वाचावे. प्रथम वर्षाचे गुण वर्गातील क्रमानुसार सक्तीने वाटले जातात, त्यामुळे सर्वांनी कष्ट केले तरी काहींची सरासरी अटीखाली जाणारच. अशी सशर्त शिष्यवृत्ती कितीजणांना मिळाली आणि कितीजणांची कमी किंवा बंद झाली, हा आकडा एबीएच्या मानक ५०९ खालील वार्षिक माहितीपत्रात असतो आणि ते डिसेंबरमध्ये प्रसिद्ध होते. अट काढून टाकण्याची विनंती नम्रपणे, लेखी, दुसऱ्या महाविद्यालयाचा देकार जोडून करता येते.

व्हिसा आणि कर्ज

अमेरिकी नागरिक व ग्रीनकार्डधारक विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे संघराज्याचे पदव्युत्तर शिक्षणासाठीचे कर्ज बंद झाले असून विधीसारख्या व्यावसायिक पदवीसाठी संघराज्याचे कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपुरते मर्यादित आहे. एफ-१ व्हिसावरील, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या, परदेशी विद्यार्थ्यांना हे कर्ज मिळतच नाही.

या परदेशी विद्यार्थ्यांपुढे दुसरी, अधिक कठीण अडचण असते आणि प्रवेशाच्या वेळी ती कोणी स्पष्ट सांगत नाही. जे.डी.नंतर ओपीटीखाली, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीखाली, बारा महिने काम करता येते, पण ओपीटी पदवीनंतर साठ दिवसांच्या आत सुरू व्हावी लागते आणि त्यात बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. बार परीक्षा जुलैच्या अखेरीस होते आणि निकाल शरद ऋतूत लागतो. मे महिन्यात पदवी घेतलेल्याचे ९० दिवस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपतात, तर अनेक लहान फर्म निकाल हाती आल्याखेरीज नेमणूक करत नाहीत. शिवाय सरकारी वकिलांची कार्यालये आणि लहान फर्म एच-१बी या कामाच्या व्हिसाचा खर्च व त्याच्या सोडतीची अनिश्चितता क्वचितच पत्करतात, आणि प्रादेशिक महाविद्यालयाच्या पदवीधरांना नोकऱ्या देतात त्या नेमक्या याच. म्हणून अर्जापूर्वीच महाविद्यालयाच्या करिअर कार्यालयाला विचारावे की गेल्या तीन वर्षांत एफ-१ व्हिसावरचे किती पदवीधर होते आणि त्यांना नोकरी कोणत्या प्रकारच्या कार्यालयात मिळाली. उत्तर मोघम आले तर तेच उत्तर समजावे.

प्रवेश स्वीकारताना अनामत भरली की निधीचा पुरावा पाठवून आय-२० हे महाविद्यालयाचे व्हिसासाठीचे प्रवेशपत्र मागवावे, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे शुल्क भरावे आणि मगच व्हिसा मुलाखतीची वेळ घ्यावी. पाठवलेल्या अर्जाची, वर्तणुकीविषयीच्या उत्तरांसह, संपूर्ण प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी. तीन वर्षांनी बार मंडळाचा अर्ज भरताना तीच समोर ठेवून लिहावे लागते.