फुटबॉल जगभर पोचला कसा?

फुटबॉल सगळ्या जगाला का आवडतो, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: एक चेंडू असला की झालं, बाकी काही लागत नाही. खोटं नाही. पण धावायला तर चेंडूही लागत नाही, आणि कुस्तीला मातीशिवाय काही लागत नाही. तरी शर्यत जिंकली म्हणून रात्रभर शहरंच्या शहरं रस्त्यावर उतरल्याचं फारसं ऐकू येत नाही. स्वस्ताई हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं शनिवारच्या सुट्टीत, बंदरांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत सापडतं.

चेंडूला लाथा घालण्याचे खेळ फार जुने. चीनमध्ये चुजू होता, फ्लॉरेन्समध्ये काल्चो, इंग्लंडच्या गावागावांत सणाच्या दिवशी होणारी धुमश्चक्री. आजच्या खेळाची जन्मतारीख मात्र नेमकी सांगता येते: २६ ऑक्टोबर १८६३. त्या दिवशी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची मंडळी जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तोवर इंग्लंडातल्या प्रत्येक बड्या शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठे चेंडू काखोटीला मारून पळायचं, कुठे पायानेच ढकलायचा. वेगवेगळ्या शाळांतली मुलं एका मैदानात उतरली की आधी नियमांवरून जुंपायची.

बैठकांमध्ये खरा वाद पेटला तो ‘हॅकिंग’वरून, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या नडगीवर बुटाची लाथ हाणण्याच्या हक्कावरून. पहिल्या मसुद्यात ती मुभा होती. ती काढायची ठरल्यावर ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल भडकले. त्यांचं म्हणणं असं की लाथा गेल्या की खेळातली मर्दुमकीच गेली. मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचसुद्धा येऊन तुम्हाला हरवतील! मतदानात त्यांची बाजू पडली. ब्लॅकहीथ बाहेर पडला आणि पुढे १८७१ साली रग्बी युनियन स्थापन करणाऱ्यांत जाऊन बसला.

मागे राहिलेल्यांनी केलेले नियम अवघे तेरा. संघात किती खेळाडू असावेत, याचा त्यात पत्ता नाही. पंचाचा उल्लेख नाही. हाताने झेल घ्यायलाही परवानगी आहे. बुटाच्या तळव्यातून खिळे बाहेर आलेले चालणार नाहीत, एवढं मात्र आवर्जून लिहिलेलं आहे. मला वाटतं, कॅम्पबेल हरले तिथेच या खेळाचं नशीब फिरलं. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असलेल्या माणसाला नडगी फोडून घेणं परवडत नाही.

तो माणूस तेव्हा गिरण्यांमध्ये तयारच होता. कापडगिरण्यांतल्या बायका आणि मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचं, असा कायदा १८५० साली झाला. हे हात थांबले की गिरणी चालवण्यात अर्थ उरत नसे, त्यामुळे पुरुषही सुटत. हळूहळू शनिवारची दुपार इतर धंद्यांतही मोकळी झाली आणि तिथे फुटबॉल येऊन बसला. १८८३ साली एफए चषकाच्या, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्याच स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सना जादा वेळेत २-१ असं हरवलं. एका बाजूला ईटन या बड्या शाळेचे माजी विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला विणकर आणि प्लंबर. त्यानंतर हौशी साहेबांच्या संघाला तो चषक पुन्हा मिळाला नाही. दोन वर्षांत पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली आणि १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली.

इथून पुढे ‘ब्रिटिश साम्राज्याने फुटबॉल पसरवला’ असं सरसकट लिहिलं जातं. नकाशा समोर ठेवला तर ते तितकंसं जुळत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅरिबियन बेटं, म्हणजे जिथे साहेबाचं राज्य होतं तिथे क्रिकेट किंवा रग्बी वरचढ ठरलं. (आफ्रिकेतल्या वसाहती हा मोठा अपवाद.) फुटबॉलने बस्तान बसवलं ते जिथे साहेब राज्य करत नव्हता, नुसता धंदा करत होता तिथे. स्पेनमधल्या वेल्वा इथला १८८९ चा क्लब रिओ टिंटोच्या खाणींमुळे आलेल्या ब्रिटिशांचा. उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओचा पेन्यारोल १८९१ साली रेल्वे कंपनीचा क्लब म्हणून निघाला. रेल्वेतल्या स्कॉटिश बापाचा मुलगा चार्ल्स मिलर इंग्लंडात शिकून १८९४ साली ब्राझीलला परतला, तो चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊनच. खुणा अजून आहेत: ब्यूनोस आयर्सच्या क्लबाचं नाव स्पॅनिशमध्ये नाही, ‘रिव्हर प्लेट’ असं इंग्रजीतच आहे. तुरिनच्या युव्हेंटसचे गुलाबी शर्ट धुऊन धुऊन विटले, तेव्हा १९०३ साली नॉटिंगहॅमहून नवे मागवले. आले ते नॉट्स काउंटीचे काळे-पांढरे पट्टे, आणि तेच कायमचे झाले.

फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, स्थापन झाली २१ मे १९०४ रोजी, सात युरोपीय देशांनी मिळून. त्यात इंग्लंड नव्हतं. आणि जागा कोणती, तर पॅरिस! ज्या फ्रेंचांचं नाव घेऊन कॅम्पबेल भीती घालत होते, त्यांच्याच राजधानीत. विश्वचषकाची कल्पना रेटणारे जूल्स रिमेही फ्रेंचच.

पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला. तेरा संघ, त्यांपैकी युरोपातले फक्त चार, कारण बोटीने जायचं म्हणजे खेळाडू आठवडेच्या आठवडे अडकणार. फ्रान्स, बेल्जियम आणि रोमानियाचे संघ ‘काँते व्हेर्दे’ या एकाच बोटीतून गेले. रिमे आणि चषकही त्याच बोटीवर. अंतिम सामन्याआधी चेंडू कोणाचा यावरून उरुग्वे आणि अर्जेंटिना अडून बसले. शेवटी पहिला अर्धा खेळ अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूने झाला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होती, सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला.

या वाटचालीत एक मोठा दरवाजा आतून बंद करण्यात आला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर कारखान्यातल्या महिलांच्या ‘डिक, केर लेडीज’ या संघाला बघायला सुमारे ५३,००० लोक आले. पुढच्याच डिसेंबरात असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं महिलांना बंद केली आणि जवळजवळ पन्नास वर्षं ती बंदच ठेवली. गर्दी नसल्याने महिलांचा फुटबॉल मागे पडला, असं म्हणायची सोयच नाही.

मग आला टीव्ही. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी बनवलेल्या ‘टेलस्टार’ चेंडूवर बारा काळे पंचकोन आणि वीस पांढरे षटकोन होते; कृष्णधवल पडद्यावर चेंडू उठून दिसावा म्हणून. आजही मुलांना फुटबॉल काढायला सांगितला की बहुतेक तोच काढतात.

पडदा जगभर गेला, मैदानावरच्या जागा मात्र तशा वाटल्या गेल्या नव्हत्या. १९६६ च्या सोळा संघांत दहा युरोपचे होते. आफ्रिकेला स्वतःची अशी एकही जागा नव्हती, म्हणून आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवरच बहिष्कार टाकला. १९७० पासून एक जागा मिळाली आणि ती पहिल्यांदा मोरोक्कोने घेतली. तोच मोरोक्को २०२२ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालला घरी पाठवून उपांत्य फेरीत पोचला. २०२६ च्या ४८ संघांच्या स्पर्धेत आफ्रिकेच्या थेट जागा नऊ आहेत.