ठाण्यात झोपडपट्टी पुनर्वसन: परिशिष्ट-2 ची पात्रता, कागद आणि वस्तीने आधी करायची तयारी

बिल्डर वस्तीत पाय ठेवायच्या आधी वस्तीची स्वतःची यादी तयार असावी, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते. झोपडीच्या बदल्यात पुनर्वसन योजनेत घर मिळणार की नाही ते परिशिष्ट-2 वर ठरतं. कुठल्या झोपडीत कोण राहतं, कधीपासून राहतं, तो पात्र की अपात्र, याची सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, प्रमाणित केलेली ही यादी असते.

सगळ्यात आधी जमीन कोणाची ते काढा. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक बघा. रेल्वेच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर झोपडपट्टी पुनर्वसनाचा हा मार्ग जसाच्या तसा लागू होत नाही. वागळे इस्टेटच्या काही भागांत समूह विकास योजनाही (क्लस्टर, म्हणजे सगळा परिसर एकत्र नव्याने बांधणं) आहे, तिचे नियम वेगळे. आपली वस्ती कशात बसते हे कळल्याशिवाय कुठेही सही करू नका.

आता पात्रता. 1 जानेवारी 2000 किंवा त्याआधीपासूनची झोपडी असेल आणि तुम्ही आजही तिथे राहत असाल, तर घर मोफत. त्यानंतरच्या आणि 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपड्यांना सशुल्क घर मिळतं. राज्य सरकारने 2023 मध्ये ही रक्कम अडीच लाख रुपये ठरवली.

पुरावे दोन प्रकारचे लागतात, आणि लोक इथेच फसतात. एक, जुन्या तारखेचा: त्या काळच्या मतदार यादीचा उतारा, वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाला मिळालेलं सरकारी ओळखपत्र), 1976 च्या झोपडपट्टी गणनेची पावती, मालमत्ता कराची पावती, दुकान असेल तर गुमास्ता परवाना. दुसरा, आज तिथेच राहत असल्याचा: आधार, चालू वीजबिल, रेशनकार्ड. झोपडी विकत घेतली असेल तर खरेदीचा कागद आणि आधीच्या मालकाचे पुरावेही लागतील, म्हणून तो गावी जायच्या आधीच मागून ठेवा. माझ्या मावशीचं नाव वीजबिलावर एक आणि मतदार यादीत दुसरं होतं. प्रतिज्ञापत्र करून ते निस्तरायला तिचे कित्येक दिवस रोजगार बुडवून गेले. पावसाळ्यात पत्र्यातून गळून ज्यांचे कागद भिजले, त्यांची धावपळ तर याहून मोठी.

म्हणून हे काम एकट्याने करू नका. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन या आपल्या संघटनेतून आपल्या झोपड्या स्वतः मोजल्या, बचत केली, घरांचे आराखडे मांडले. आपणही गल्लीनिहाय दोन बायका नेमून, झोपडीला क्रमांक देऊन, प्रत्येक घराची फाइल करू शकतो. बचत गट असेल तर निम्मं काम झालंच म्हणा, कारण वही लिहायची सवय तिथे असते. छायाप्रतींचा खर्चही गटाच्या बचतीतून निघतो.

पुढे सर्वसाधारण सभा बोलवून मुख्य प्रवर्तक (संस्था नोंदवायचं काम पुढे नेणारी व्यक्ती) आणि कमिटी निवडा, नियोजित सहकारी गृहनिर्माण संस्थेचं नाव राखून घ्या. योजनेला 51 टक्के पात्र झोपडीधारकांची संमती लागते. संस्थेला स्वतः विकासक, म्हणजे बिल्डरच्या जागी, होण्याचीही मुभा आहे. अवघड आहे, पैसा उभा करावा लागतो, पण निदान सभेत या पर्यायावर चर्चा व्हावी. कोऱ्या कागदावर सही नको, सभेचं चित्रीकरण हवं, आणि संक्रमण काळाचं, म्हणजे झोपडी रिकामी केल्यापासून नवं घर मिळेपर्यंतचं, भाडं करारात लेखी हवं.

परिशिष्ट-2 ची प्रारूप (कच्ची) यादी लागली की त्याच दिवशी वाचा, नावाची अक्षरंही तपासा. चूक असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. अपात्र ठरवलं तर आदेशाची प्रत मागा; अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते त्यावरून कळतं, आणि मुदत उलटली की बाजू मांडणं फार कठीण होतं. ताबा मिळताना वाटप पत्रावर नवरा-बायको दोघांचीही नावं आहेत का, ते सही करायच्या आधी बघा.