ऑडिओ फाइलींचे प्रकार

आवाज आकड्यांत मांडून संगणकावर किंवा मोबाइलवर साठवण्याच्या निरनिराळ्या पद्धती. सीडीसाठी आवाजाचे माप सेकंदाला 44,100 वेळा घेतात आणि प्रत्येक माप 16 बिटांत (0 किंवा 1 अशा 16 खुणांत) लिहितात. डावी-उजवी बाजू मिळून मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा लागते. हे आकडे सहसा जसेच्या तसे ठेवणारी फाइल म्हणजे वेव्ह (1991). फ्लॅक (2001) तेच आकडे घडी घालून कमी जागेत बसवते. घडी उलगडली की एकही आकडा बदललेला नसतो.

एमपीथ्री मात्र काटछाट करते. ढोल-ताशा चालू असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. कानाच्या याच मर्यादेचा फायदा घेऊन, दबून जाणारे बारकावे ती गाळून टाकते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. 128 केबीपीएसला (सेकंदाला 128 हजार बिट) एक मिनिट जेमतेम 1 एमबीत मावते. मुंबईत स्टेशनाबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात ‘गाणी भरून’ मिळत, ती या काटछाटीच्याच जोरावर. गाणाऱ्याच्या हाती त्यातले काय लागे, हे न विचारलेलेच बरे. गाळलेले मात्र परत येत नाही: एमपीथ्रीची वेव्ह केली तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. एएसी ही त्याच जातीची, कमी जागेत बरी वाजणारी.

व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप ओपस (2012) पद्धतीचा असतो. गणपतीच्या दिवसांत मंडळांची अडचण होते ती इथेच. कुणीतरी फोनवर आरती म्हणून पाठवतो, कार्यकर्ता फाइलच्या नावापुढचे ‘.opus’ खोडून ‘.mp3’ लिहितो आणि पेनड्राइव्ह ॲम्प्लिफायरला लावतो. दिवा लुकलुकतो, आवाज नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतले पीठ बदलत नाही. फाइल खरोखर रूपांतरित करावी लागते. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरच्या ‘मीडिया’ मेनूत त्याची सोय आहे, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममधूनही होते. नुसते ऐकायचे असेल तर व्हीएलसी यांतले जवळपास सगळे थेट वाजवते.

तरीही वाजले नाही, तर दोष फाइलचा नसून पेनड्राइव्हचा असू शकतो. स्वस्त ॲम्प्लिफायरना बहुधा फॅट32 फॉरमॅटच (पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक पद्धत) वाचता येतो, आणि 64 जीबीचे पेनड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात. फॉरमॅट बदलताना आतले सगळे पुसले जाते, म्हणून आरत्या आधी दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात.